अठरा दिवस न झाडलेली जमीन

मावशींनी दुसऱ्या घमेल्यात हात घातला, मूठभर पेंढा उचलला, आवळला, सोडला, नाकाजवळ नेला आणि जावयाला म्हणाल्या, "लिहा. पेंढा. नापास."

जावयाने लिहिलं. तो कॉलेजात ग्रंथपाल होता, त्यामुळे दुसऱ्याने सांगितलेलं नीट मांडून ठेवण्यात त्याला कमीपणा वाटत नसे. रविवारची सकाळ होती आणि तो अंगणात मांडी घालून बसला होता. वहीत चार रकाने आखले होते: वस्तू, वजन, वास, मूठ. पहिले तीन त्याने कोंबडीपालनाच्या पुस्तकातून घेतले होते. चौथा मावशींचा होता.

पाच घमेली ओळीने मांडली होती. करवतीचा भुसा, भाताचा पेंढा, तूस, रद्दीच्या पट्ट्या आणि सुताराकडच्या, रंधा मारताना निघतात त्या साली. आदल्या सकाळी मावशींनी प्रत्येकात सलाईनच्या रिकाम्या बाटलीने मोजून अर्धी बाटली पाणी ओतलं होतं. बाटलीवर रेघा होत्या, म्हणून ती. मावशी निवृत्त झाल्या तेव्हा हॉस्पिटलने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. बाटली त्यांनी आपली आपण आणली होती. घड्याळ महिनाभरात बंद पडलं. बाटली अजून चालू होती.

करवतीचा भुसा आधीच नापास झाला होता. त्याचा सकाळपर्यंत शिरा झाला होता आणि वर धूळ तशीच, म्हणजे ओला आणि उडणारा असे दोन्ही दुर्गुण एकाच जागी. रद्दीच्या पट्ट्यांचा लगदा झाला. तूस वरून खडखडीत होतं, पण मावशींनी बोटं तळापर्यंत नेली आणि पाण्यात भिजलेली वर काढून जावयाला दाखवली.

"वरून पेशंट हसतोय," त्या म्हणाल्या, "आणि खाली पाठीला जखम."

जावयाने 'वास' या रकान्यात 'बरा' आणि 'मूठ' या रकान्यात 'पाठीला जखम' असं लिहिलं. पाचव्या घमेल्यातल्या साली मुठीत आवळल्या तेव्हा किंचित ओलसर लागल्या, मूठ उघडताच मोकळ्या झाल्या आणि तळाशी थेंबही नव्हता. मावशींनी त्या दोनदा हुंगल्या.

"ही पास. पण पुन्हा परीक्षा घ्यायची. एका पेपरावर मी कुणाला घरी सोडत नाही."

मावशी या सगळ्यांच्या मावशी होत्या. हॉस्पिटलात वॉर्डातली झाडलोट करणाऱ्या, भांडी देणाऱ्या-काढणाऱ्या, पेशंटचं अंथरूण बदलणाऱ्या बाईला मावशी म्हणतात, तेच काम करणाऱ्या पुरुषाला मामा, आणि नर्स म्हणजे सिस्टर. आजारी माणसाला तिथे पाय ठेवल्याबरोबर अर्धं आजोळ भेटतं. परका काय तो डॉक्टर. मावशींनी अशी चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा बायकांच्या वॉर्डात, जिथे महिनोन्‌महिने पडून असलेल्या म्हाताऱ्या असायच्या. त्या चौतीस वर्षांत त्यांच्या वॉर्डात शिरताना कुणी नाकाला रुमाल लावला नाही. ही मोठीच कामगिरी होती, पण तिची एक अडचण होती. वास आला की चौकशी होते, माणसं बदलतात, कागद हलतात. वास आला नाही याची चौकशी अजून कुणी केलेली नाही. त्यामुळे मावशींच्या कामगिरीची नोंद कुठेच नव्हती, फक्त मावशींच्या मानेत होती. ती मान ताठ असायची.

निवृत्तीनंतर त्या मुलीकडे राहायला आल्या. घरामागे जमिनीची एक पट्टी होती. अर्धी पत्र्याखाली, अर्धी उघडी. तिला जाळी लावून मावशींनी अकरा कोंबड्या आणल्या. त्यांना नावं ठेवायला घरात कुणालाच सुचलं नाही, म्हणून बेड नंबर दिले. चार नंबर वयाने मोठी, म्हणून तिला खाणं आधी. सात नंबरची सारखी कुरकुर. नऊ आणि दहा शेजारी झोपायच्या आणि दिवसभर भांडायच्या, जशा कुठल्याही वॉर्डात असतात. मुलगी शिवणाच्या मशीनवरून ओरडून विचारायची, आई, काय चाललंय गं मागे, आणि मावशी तिकडून सांगायच्या, "काही नाही, सात नंबरला अंडं होतंय."

पट्टीच्या पलीकडे पुरुषभर उंच भिंत होती आणि भिंतीपलीकडे निवृत्त हेडमास्तरांचं घर. हेडमास्तरांच्या बायकोला पाच महिन्यांपूर्वी घरातच पडून कमरेचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून त्या अंथरुणाला खिळून होत्या. भेटायला येणाऱ्यांना हेडमास्तर दारातच सांगायचे की आत्ताच डोळा लागलाय. इतक्या वेळा डोळा लागल्यावर लोकांनी येणं सोडलं. हेडमास्तरांना गल्लीत सगळे जरा टरकून असायचे. कारण ते कुणाच्याही पत्रिकेवरचं, पाटीवरचं, नोटिशीवरचं शुद्धलेखन रस्त्यात थांबून सुधारत.

तर या हेडमास्तरांनी पालिकेकडे अर्ज केला होता. अर्जाची प्रत मावशींच्या घरी आली. अक्षर असं की फ्रेम करून लावावं. 'सदर महिलेने पाळलेल्या कोंबड्यांमुळे असह्य दुर्गंधी पसरली असून त्या तेथून हलविण्यात याव्यात.' सोबत पालिकेचं पत्र होतं की पाच आठवड्यांनी आरोग्य निरीक्षक पाहणीस येतील आणि तक्रारीत तथ्य आढळल्यास कोंबड्या तीन दिवसांत हलवाव्या लागतील.

मुलीने अर्ज दोनदा वाचून दाखवला. 'सदर महिला' मावशींनी सोडून दिलं. हॉस्पिटलात त्यांना याहून वाईट म्हटलं गेलं होतं. 'हलविण्यात याव्यात' हेही त्यांनी ऐकून घेतलं. पण 'दुर्गंधी'पाशी त्यांनी मुलीला थांबवलं आणि तो शब्द कागदावर कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगितलं. मुलीने दाखवलं. मावशींनी त्याकडे बराच वेळ पाहिलं.

"कोंबड्या गेल्या तर गेल्या," त्या म्हणाल्या. "पण वासापायी गेल्या असं नाही होऊ द्यायची मी."

खरं तर तेव्हा वास नव्हताच. जमीन मातीची होती, ऊन लागत होतं, मावशी दोनदा खराटा मारत होत्या. पण अपमान झालेल्या माणसाला 'काही करू नका' हा सल्ला कधीच पटत नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गवंड्याला बोलावलं आणि अख्ख्या पट्टीला सिमेंटचा गुळगुळीत कोबा करून घेतला. त्याला ऑपरेशन थिएटरसारखा एका कोपऱ्याकडे उतार. कोपऱ्यात मोरी. गवंडी म्हणाला, कोंबड्यांसाठी एवढं करणारी बाई मी पहिल्यांदा बघतोय. मावशी म्हणाल्या, उतार बघा, बोलू नका.

मग सकाळ-संध्याकाळ पाणी, फिनेल, खराटा आणि शेवटी कोरडं फडकं. कोंबड्या त्या चकचकीत जमिनीवर एका पायावर उभ्या राहायच्या आणि दुसरा कुठे ठेवावा याचा विचार करायच्या. उकरायला काही नव्हतं, म्हणून त्या एकमेकींची पिसं उपटू लागल्या. फडकं कितीही पिळलं तरी कोब्याचे सांधे ओलेच राहत आणि पत्र्याखालच्या भागाला ऊन लागत नसे. दहाव्या दिवशी सकाळी मावशी दार उघडून आत गेल्या आणि उंबऱ्यावर थबकल्या. डोळ्यांना झोंबणारा, मुतारीतल्यासारखा तो वास त्यांनी ओळखला. सात नंबर शिंकत होती.

अर्ज आला तेव्हा खोटा होता. दहा दिवसांत मावशींनी तो खरा करून दाखवला होता.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मुलीने समजूत घालून पाहिली. जावई दोन वेळा मागच्या दारापर्यंत आला आणि परत गेला. तिसऱ्यांदा तो पुस्तक घेऊनच आला, मध्ये बोट घातलेलं.

"आई, एक बोलू का? रागावणार नसाल तर."

"बोला की."

"पाणी बंद करून बघू या का?"

मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने हॉस्पिटलच बंद करायला सांगितलं होतं. पण तो ग्रंथपाल होता, छापील मजकुरावर बोट होतं, आणि अशा वेळी त्याला धीर येई. त्याने वाचून दाखवलं की कोंबड्यांखालची जमीन धुवायची नसते, कोरडी ठेवायची असते. खाली भुसा, तूस असं काहीतरी जाड थर देऊन अंथरायचं आणि विष्ठा त्यातच मुरू द्यायची. ओल नसेल तर वास नाही. मावशींनी ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग उठून बादली पालथी घातली, खाली अंग टेकून कोब्याला नाक लावलं आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "बरोबर आहे त्या पुस्तकाचं. मी ओल्या गादीवर रोज धुतलेली चादर टाकत होते."

त्यानंतरच्या सकाळी ती पाच घमेली मांडली गेली होती.

पास झालेल्या सालींच्या दोन गोण्या आणायला मावशी स्वतः सुताराकडे गेल्या, कारण माल बघून घ्यायचा होता. सुताराने कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट दाखवलं, हवं तेवढं न्या म्हणाला, मला कचराच आहे. मावशींनी मूठ भरली, हुंगली आणि परत टाकली.

"यात सरस आहे."

सुतार म्हणाला, छे हो, लाकूडच आहे सगळं. मावशींनी दुसरी मूठ घेतली आणि सालींतून दोन बोटांनी एक चपटा, तांबूस तुकडा वेगळा काढून त्याच्या हातात ठेवला. प्लायवूडचा होता, सरसाने चिकटवलेला. मग तिसरा, चौथा. सुतार ते तुकडे बघत राहिला. पंचवीस वर्षं मी या ढिगात बसलोय, तो म्हणाला, मला कधी वास आला नाही.

"तुम्ही बसलाय म्हणूनच नाही आला," मावशी म्हणाल्या. "चौकटीच्या लाकडाच्या तेवढ्या वेगळ्या काढून ठेवा. मी उद्या येते. कोंबडी काहीही टिपते, पोटात सरस गेला तर बाधेल."

दुसऱ्या दिवशी गोण्या तयार होत्या. सुताराने त्या चाळणीने चाळल्या होत्या आणि दुकानात आलेल्या प्रत्येकाला तो सांगत होता की हा खास माल आहे, कोंबड्यांचा.

मग पुन्हा गवंडी आला. परवा केलेला कोबा फोडायचाय हे ऐकून त्याने पहार खाली ठेवली. काही बिघडलंय का कामात, त्याने विचारलं. त्याच्या आवाजात दुखावल्याची कळ होती, आणि ती मावशींना लगेच ओळखू आली.

"काम उत्तम झालंय," त्या म्हणाल्या. "चुकलंय ते माझं. असा उतार तर आमच्या थिएटरलासुद्धा नव्हता."

गवंडी खूश होऊन आपलंच काम फोडू लागला. उघड्यावरचा कोबा काढून तिथे वीतभर खोल जाडी वाळू भरली, म्हणजे पाऊस पडला तरी खाली निथळून जाईल आणि कोंबड्यांना उकरायला मिळेल. पत्र्याखालचा कोबा ठेवला. त्यावर चिमूट-चिमूट चुना, मग चार बोटं तूस, आणि वर वीतभर साली. तूस एकटं नापास झालं होतं, साली एकट्या महिन्याभरात दबून घट्ट झाल्या असत्या. दोन्ही मिळून एकमेकांना मोकळं ठेवत होती. मुलगी म्हणाली, आमच्यासारखं झालं की हे. जावयाने वहीतून डोकं वर काढलं, पण यात तूस कोण आणि साली कोण हे विचारलं नाही.

कोंबड्यांना आत सोडलं. चार नंबरने पहिला पाय टाकला, तो रुतला, तिने मान वाकडी करून पायाकडे पाहिलं आणि मग अशी काही उकरायला लागली की पाठीमागच्या दोघींच्या तोंडावर साली उडाल्या. पाच मिनिटांत अकराही जणी कामाला लागल्या होत्या.

अवघड भाग यापुढे होता. पुस्तकात लिहिलं होतं की हा थर काढायचा नाही. रोज दाताळ्याने वरखाली करायचा, ओल दिसली तर तेवढी मूठ काढून नवीन टाकायची, बाकी तीन-चार महिने तसंच ठेवायचं. मावशींनी ते जावयाकडून तीनदा वदवून घेतलं.

"झाडायचं नाही?"

"नाही."

"म्हणजे तीन-चार महिने खराटा नाही."

"नाही, आई."

चौतीस वर्षं पहाटे पाचला खराटा हातात घेतलेल्या बाईला हे सांगणं सोपं नव्हतं. पहिले दोन दिवस त्यांचा हात दारामागे जाई, तिथून रिकामा परत येई. मुलीने खराटा माळ्यावर टाकला. चौथ्या दिवशी मावशींनी गल्ली झाडायला घेतली. आधी आपल्या दारासमोरचा भाग, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, असं करत त्या कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत गेल्या. खराटा कुठून आणला हे कुणी विचारलं नाही. पण जाळीच्या आत त्या दाताळं सोडून दुसरं काही नेत नसत. रोज सकाळी चार कोपऱ्यांतून आणि मधून एकेक मूठ. आवळायची, सोडायची, हुंगायची, जावयाला सांगायची. पेशंटच्या तापाच्या तक्त्यासारखा तो तक्ता भरत गेला. सहाव्या दिवसापासून सात नंबर शिंकायची थांबली. बाराव्या दिवशी मावशींनी मूठ जावयाच्या नाकाखाली धरली आणि विचारलं, कसला येतोय? तो म्हणाला, जुन्या पुस्तकांच्या कपाटासारखा. त्याच्याकडून यापेक्षा मोठी स्तुती होणं शक्य नव्हतं.

पाहणीच्या दिवशी सकाळी मुलगीच डळमळली. थर आता पिवळा राहिला नव्हता, तपकिरी झाला होता, आणि डोळ्यांनी बघणाऱ्याला त्यात काय मिसळलंय ते दिसत होतं. आज तरी झाडून काढ, ती म्हणाली, साहेब नाकाने थोडाच बघणार आहे. नवीन गोणी आहे, वर टाकू, दोन तासांचा तर प्रश्न. तिने स्वतःच माळ्यावरचा खराटा काढून दिला, बादली भरून आणली.

मावशी खराटा घेऊन जाळीच्या दारात उभ्या राहिल्या. मोठ्या डॉक्टरांचा राउंड असायचा त्या दिवशी वॉर्ड पहाटेच धुवून निघायचा. फरशीत तोंड दिसायचं. डॉक्टर यायचे, बघायचे, जायचे. त्या चमकीला एवढी वर्षं किंमत होती आणि ती चमक समोरच्या बादलीत तयार होती. धुतलं तर साहेब येईपर्यंत लखलखीत दिसेल. दुपारनंतर पुन्हा तो मुतारीचा वास. पण दुपारनंतर साहेब नसेल.

त्यांनी वाकून एक मूठ घेतली, आवळली, सोडली. मग खराटा मुलीच्या हातात परत दिला.

"साहेबाला डोळे आहेत, तसं नाकही असेल," त्या म्हणाल्या. "हे काम बरोबर झालंय. बरोबर झालेलं काम मी कुणाच्या राउंडसाठी मोडणार नाही."

साहेब अकराला आला. तरुण होता, बगलेत फाइल, हातात रुमाल, आणि आत शिरायच्या आधीच त्याने तो सवयीने नाकाला लावला. मागून हेडमास्तर. इस्त्रीचा शर्ट, पण बाह्या कोपरापर्यंत वळलेल्या आणि बोटांची टोकं पाण्यात राहून सुरकुतलेली. निरीक्षकाने खाली पाहिलं, तपकिरी थरात त्याचा बूट रुतला, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"कधी झाडलं होतं शेवटचं?"

जावयाने डोळे मिटून घेतले.

"अठरा दिवस झाले, साहेब," मावशी म्हणाल्या. "झाडलेलं नाही."

चौतीस वर्षांत कुठल्याही साहेबाला त्यांनी हे वाक्य सांगितलं नव्हतं, आणि ज्या आवाजात सांगितलं तो बक्षीस घ्यायला वर जाणाऱ्या माणसाचा होता. हेडमास्तर म्हणाले, ऐकलंत ना, आता यावर आणखी काय पाहायचं. निरीक्षकाने फाइल उघडली. तेवढ्यात मावशींनी खालून मूठ भरली आणि त्याच्यापुढे धरली.

"रुमाल काढा. हुंगा."

आवाज सलाईन लावताना 'हात सरळ' म्हणणाऱ्या बाईचा होता, त्यामुळे त्याने रुमाल काढला आणि हुंगलं. मग पुन्हा हुंगलं. मग स्वतः खाली बसून कोपऱ्यातली एक मूठ घेतली, कारण समोर धरलेली मूठ निवडक असू शकते एवढं त्याला नोकरीने शिकवलं होतं.

"वखारीत आल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला. "लाकडाचा येतोय. दुसरा नाही."

हेडमास्तर हटले नाहीत. इथे वाऱ्यामुळे कळणार नाही, ते म्हणाले, वारा माझ्या घराकडे वाहतो, माझ्या मागच्या अंगणात येऊन पाहा. ते खोटं बोलत नव्हते, हे त्यांच्याकडे बघून कळत होतं. त्यांना खरोखरच वास येत होता. सगळे वळसा घालून त्यांच्या अंगणात गेले, आणि भिंतीलगतच्या अर्धवट उघड्या खिडकीपाशी पोचल्यावर निरीक्षकाचा रुमाल पुन्हा वर गेला.

"हा बघा," हेडमास्तर म्हणाले. "हा. दिवसरात्र."

मावशी या अंगणात पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी एकच श्वास घेतला. कोंबड्यांचा यात काही संबंध नव्हता. वर साबण होता, त्याखाली पावडर, आणि त्याच्याही खाली कापसात महिनोन्‌महिने मुरलेली लघवी. चादर रोज बदलत होती, गादी नाही. आणि अगदी तळाशी, नुकतीच सुरू झालेली, पाठीवरची जखम. दोरीवर सहा चादरी वाळत होत्या, काठाला काठ जुळवून, एकीचाही कोपरा खाली नाही. मावशींनी दोरीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग हेडमास्तरांकडे. हेडमास्तरांनी त्यांना पाहताना पाहिलं. वळलेल्या बाह्या त्यांनी सावकाश खाली सोडल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वहीतली चूक दाखवलेल्या माणसाला आपली कुठे आहे ते त्या क्षणी दिसलं होतं.

"तुम्ही हॉस्पिटलात होतात ना," निरीक्षक मावशींना म्हणाला. "तुम्हीच सांगा, हा कसला वास?"

एक वाक्य पुरलं असतं. कोंबड्या सुटल्या असत्या, दुर्गंधीचा शब्द ज्याचा त्याच्या पदरात गेला असता, आणि मावशींचं नाक कागदावर लागलं असतं, शिक्क्यासकट. शिवाय ते खरं होतं. हेडमास्तर जमिनीकडे बघत होते.

"गटाराचा," मावशी म्हणाल्या. "पलीकडची जाळी तुंबली असणार. तुमच्या पालिकेचीच आहे, साहेब. साफ करून घ्या."

चौतीस वर्षांत त्या नाकाने दिलेला हा पहिला चुकीचा निकाल. निरीक्षक जरा नाराज झाला, तक्रार घेऊन आला होता आणि काम घेऊन चालला होता. पण त्याने लिहिलं: कोंबड्यांची दुर्गंधी आढळली नाही. मावशींनी सही केली. हेडमास्तरांनीही केली, आणि लिहिलेलं शुद्ध आहे की नाही ते न बघता कागद परत दिला.

दुपारी मावशी त्यांच्या मागच्या दारात उभ्या होत्या. खांद्यावर जावयाची गादी, काखेत प्लास्टिकचा कागद, हातात गरम पाण्याची बादली. हेडमास्तर दारात आडवे आले.

"तिचा आत्ताच डोळा लागलाय."

"लागू दे, सर. आपण दोघं हळू करू."

ते बाजूला झाले. खोली स्वच्छ होती, औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या. अंथरुणातल्या बाई जाग्याच होत्या आणि त्यांचे डोळे लख्ख होते. मावशींनी त्यांना कुशीवर कसं वळवायचं ते दाखवलं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, ओढायचं नाही, लोटायचं. हेडमास्तरांनी पहिल्यांदा चुकीचं धरलं. मावशी म्हणाल्या, परत. त्यांनी परत केलं. दर तासाला वळवायचं की दोन तासांनी, हेडमास्तरांनी विचारलं. दोन तासांनी, मावशी म्हणाल्या, आणि जवळ वही नव्हती म्हणून हेडमास्तरांनी ते तळहातावर लिहून घेतलं.

"मी चादर रोज बदलत होतो," ते हळूच म्हणाले.

"दिसल्या वाळत घातलेल्या. मीसुद्धा कोबा रोज धुत होते, सर. खाली काय मुरतंय ते वरून कळत नाही."

भिंतीपलीकडून एक कोंबडी केकाटली. अंथरुणातल्या बाईंनी कान दिला आणि विचारलं, अंडं झालं वाटतं कुणाला?

"सात नंबर," मावशी म्हणाल्या. "एवढंसं घालते आणि गाव गोळा करते."

बाई हसल्या. किती दिवसांनी हसल्या ते हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. मावशींनी तिकडे न बघता जखम पुसली, पावडर न लावता उघडी ठेवली, नवी गादी, तिच्यावर कागद, वर चादर, आणि कोपरे हॉस्पिटलात दुमडतात तसे दुमडले. जुनी गादी त्यांनी गुंडाळून उचलली. हेडमास्तर म्हणाले, राहू दे, ती मी कुठे तरी, अंधार पडल्यावर. मावशी म्हणाल्या, गादीला ऊन लागतं, अंधार नाही.

चार वाजता गादी मावशींच्या घराच्या पुढच्या कट्ट्यावर उलगडून पडली होती. गल्लीच्या तोंडाशी, चांगल्या उन्हात. मधोमध परातीएवढा पिवळा डाग होता, तो लपवायचा काही प्रयत्न केलेला नव्हता. कोपऱ्यावरच्या घरातली बाई भाजी घेऊन येत होती. ती थांबली. तिने डागाकडे पाहिलं, मग मावशींकडे, आणि आवाज खाली आणून विचारलं, कुणाची हो?

"माझी," मावशी म्हणाल्या.

ती बाई दोन पावलं मागे सरकली, मग समजुतीने मान हलवली. वय झालं की व्हायचंच, ती म्हणाली, त्यात काय लाजायचं. मावशी म्हणाल्या, तेच तर. बाई पिशवी सांभाळत गेली आणि पुढच्या दोन घरांपाशी थांबत थांबत गेली.

ऊन कट्ट्यावरून सरकत होतं. मावशींनी गादी हातभर पुढे ओढली, उलटी केली, आणि ताप बघतात तसा उलटा हात तिच्यावर ठेवून मान ताठ करून बसून राहिल्या.